रॉकेटवाल्यांची इंदू

दारात पाहुणा उभा राहिला की माझी धाकटी बहीण इंदू आधी त्याच्या पायांकडे बघायची. पाय सुजलेले दिसले तर गरम पाण्याची बादली, चिखलाने भरलेले असले तर तांब्या, आणि थरथरत असले तर नुसतं "बसा." नावगाव मागाहून. आमचे अप्पा काशीत रामघाटावर तीर्थोपाध्ये होते. महाराष्ट्रातून विधींसाठी येणारे यजमान दूधविनायक मोहल्ल्यात आमच्याच घरी उतरत. अप्पांना त्यांचं कुळ आणि गोत्र आधी हवं असे. इंदू स्वयंपाकघरातून ओरडायची, "अप्पा, गोत्र कुठं पळून नाही जात, आधी टेकू द्या त्यांना!"

अप्पा गेले. मी बँकेत नोकरीला, त्यामुळे यजमानांचं येणं हळूहळू आटलं. इंदूचं लग्न जमलं नव्हतं. पस्तिशीची, बी.ए. झालेली, दिवसभर रिकाम्या खोल्या झाडायची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला केळकर नावाचे एक गृहस्थ आईच्या अस्थी घेऊन आले. पूर्व किनाऱ्यावर जिथून रॉकेटं सोडतात, त्या केंद्रात ते मोठे शास्त्रज्ञ. तीन दिवस राहिले. जाताना इंदूला म्हणाले, "बाई, उड्डाणाच्या दिवसांत आमच्या अतिथिगृहाचा पार बाजार होतो. सहायकाची जागा निघालीय. अर्ज करा."

"रॉकेटवाल्यांच्या खोल्या झाडायला जाणार?" मी विचारलं.

"इथं काय वेगळं करते, दादा? तिथं निदान खोलीत माणूस तरी असेल."

ती गेली. निवड तिची तिने मिळवली. कोणाचा वशिला नव्हता, माझा तर आशीर्वादही नव्हता. गल्लीत लोक विचारू लागले. आमच्या गल्लीत वेदान्ती, वैयाकरणी, प्राध्यापक. त्यांच्यापुढे 'अतिथिगृह' हा शब्द माझ्या तोंडून निघेना. मी म्हणालो, "अंतराळ केंद्रात शास्त्रज्ञ आहे." बी.ए.ची मुलगी शास्त्रज्ञ कशी, हे त्या विद्वानांपैकी एकानेही विचारलं नाही. सगळ्यांना ते खरंच असायला हवं होतं.

दोन वर्षांनी ती गणपतीत घरी आली. काशीतल्या आमच्या मराठी मंडळाने तिचा सत्कार ठरवला होता. अध्यक्षांनी "आपल्या गल्लीची अंतराळ शास्त्रज्ञ" म्हणून ओळख करून दिली. इंदूने गर्दीत मला शोधलं. मी मान खाली घातली. दोन वाक्यांत ती मला उघडं पाडू शकली असती. तिने शाल घेतली, नारळ घेतला, "धन्यवाद" म्हणाली आणि खाली बसली.

घरी येताना वाटेत म्हणाली, "तुला लाज वाटली ना रे माझ्या कामाची?"

"लोकांना समजत नाही गं."

"समजत नाही, की तू समजावलंच नाहीस?"

त्यानंतर ती काशीला येई, अप्पांच्या श्राद्धाला तर हमखास, पण मंडळाची पायरी पुन्हा चढली नाही.

तिचं काम काय होतं, ते मला केळकरांनी सांगितलं. ते पुन्हा एकदा काशीला आले होते तेव्हाची गोष्ट. रात्रपाळी करून सकाळी झोपणाऱ्या इंजिनियरांसाठी तिने खोल्यांना जाड पडदे लावून घेतले, दुपारी व्हरांड्यात भांडं वाजू दिलं नाही. "जो रात्री जागतो, त्याची दुपार म्हणजेच रात्र," असं स्वयंपाक्यांना सांगायची. तेलुगू शिकली, परदेशी पाहुण्यांपुरतं इंग्रजीही. मग केळकर एका उड्डाणाबद्दल बोलले. कित्येक वर्षांची मेहनत. रॉकेट वर गेलं आणि समुद्रात पडलं. दुपारी सगळे अतिथिगृहात परतले. कोणी कोणाकडे बघेना, जेवायला कोणी उठेना.

इंदूने यशाच्या जेवणाचं सामान बाजूला ठेवायला लावलं होतं. तिने पिठलं-भात केला, जमिनीवर पंगत मांडली आणि एकेकाला हाताला धरून बसवलं. भाषण नाही, सांत्वन नाही. पान बघून एक मराठी पोरगा दचकला, "ताई, अहो हा तर मयताचा स्वयंपाक!"

"मग? आज काय बारसं आहे का?" इंदू म्हणाली. "जेवा."

आधी तो पोरगा हसला, मग रडला, मग जेवला. बाकीच्यांना त्याने पिठलं-भाताचा अर्थ सांगितला. तमिळ, तेलुगू, बंगाली, सगळी पंगत खाली मान घालून जेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कामावर हजर होते.

केळकरांनी तिला विचारलं होतं, हे कुठं शिकलात? ती म्हणाली, "मणिकर्णिकेच्या स्मशानातून परतलेली माणसं जन्मभर वाढलीत मी. त्यांना काही विचारायचं नसतं. वाढायचं असतं."

हे ऐकून मला तिचा अभिमान वाटला. तरी मी गल्लीत तोंड उघडलं नाही. खोटं एव्हाना जुनं आणि प्रतिष्ठित झालं होतं.

इंदू सहायक म्हणून गेली आणि अतिथिगृहाची प्रमुख होऊन निवृत्त झाली. मधल्या वर्षांत वर गेलेल्या प्रत्येक रॉकेटमागची माणसं तिच्या हातचं जेवून कामाला गेली होती. ती गेल्या हिवाळ्यात वारली. मंडळाने सभागृहात तिचा फोटो लावला, खाली पाटी: 'थोर अंतराळ शास्त्रज्ञ'. शोकसभेत मला बोलायला उठवलं आणि मी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, इथे लिहिलंय ते सगळं सांगितलं. शेजारच्या नव्वदीच्या गोदाकाकू पहिल्या रांगेतून म्हणाल्या, "अरे मेल्या, मग हे आधी सांगायला काय झालं होतं? हे तर जास्त चांगलं आहे!"

दुसऱ्या दिवशी मी स्वतः पेंटरला घेऊन गेलो. त्याने जुनी अक्षरं पुसली, मी दिलेला मजकूर वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बाबूजी, 'अतिथिगृह प्रमुख, रॉकेट प्रक्षेपण केंद्र'? इतना लंबा? साइंटिस्ट रहने देते तो एक लाइन में हो जाता."

"दो लाइन में लिखो," मी म्हणालो. "और बड़ा लिखो."

स्टूल ओढून मी तिथेच बसलो, शेवटचं अक्षर वाळेपर्यंत.