अक्काच्या तापीमायचे नाक

मी चौथीपर्यंतच शिकले, म्हणून ऱ्हस्वदीर्घाच्या चुका असतील आणि अक्षरही ओळ सोडून खाली उतरेल, त्याची माफी आधीच मागते. पण एक गोष्ट चुकीची लिहीत नाही. माणसांच्या तोंडाकडे माझ्या थोरल्या जावेइतके टक लावून पाहणारे माणूस तापीच्या दोन्ही काठांवर झाले नाही. तिला मी अक्का म्हणते. लोक दुसऱ्याचे घर पाहतात, शेत पाहतात. अक्का हनुवटी पाहते. कळसाडीला एका मयताच्या घरी आम्ही बसायला गेलो होतो. सगळ्या बाया रडत होत्या. अक्का पदराआडून मयताच्या बहिणीला म्हणाली, "रडतांना तुन्हा गाल कसा मस्त खाले उतरस. जरा इकडे फिर." ती बिचारी फिरलीसुद्धा. परत येताना बैलगाडीत मी शरमेने मान वर केली नाही, आणि अक्का मांडीवर बोटाने तो गाल काढत बसली होती.

घरातही तेच. कणकेच्या गोळ्याला आधी नाक काढायची, मग लाटायची. सासूबाईंसाठी चूल घातली तर तिच्या पुढच्या दोन टोकांना बैलांची तोंडे केली. सासूबाई म्हणाल्या, "बैलना तोंडमा जाळ घालू का मी?" आणि जन्मभर त्याच चुलीवर भाकरी भाजल्या. शेजारणी तशा चुली मागायला आल्या. माझ्याकडे कोणी काही मागत नव्हते. खरे सांगायचे तर माहेरी भाद्रपदात आमच्या गल्लीच्या गुलाबाईची मूर्ती मीच करायची, नदीच्या गाळाची, आणि बाया म्हणायच्या, पोरीच्या हातात गुण आहे. सासरी हे मी कधी बोलले नाही. बोलायची लाज वाटायची. अक्काचे कौतुक ऐकले की पोटात मात्र दुखायचे.

एका वर्षी तिने घाटाच्या पायरीवर गाळाची तापीमाय बसवली, बाईमाणसाएवढी. गावच्या बाया जमल्या. अक्का घरी आरतीचे ताट आणायला गेली, तोवर त्यांनी गाणी म्हटली, खिरापत वाटली, आणि गाणी-खिरापत झाल्यावर मातीच्या गुलाबाईचे जे करतात तेच सवयीने करून मोकळ्या झाल्या. चौघींनी उचलली आणि पाण्यात सोडली. अक्का ताट घेऊन आली तर पायरी रिकामी. "बोळवी उनूत ना आम्ही तिले," एकजण आनंदाने म्हणाली. अक्काने तेवढीच आरती नदीला ओवाळली आणि म्हणाली, "आते सिमेटनी करसू. देखू कोण उचलस."

सिमेंटला पैसे हवेत. माझ्या डब्यात तूप विकून साठवलेले चाळीस रुपये होते. तिने मागितले आणि मी दिले, कारण तोंडावर नाही म्हणणे मला जमत नाही. तिच्या देवीसाठी माझे तूप गेले, याची जळजळ निराळीच.

ही नवी तापीमाय तिने नदीकडे तोंड करून बसवली. घाटावर येणाऱ्याला नुसती पाठ दिसायची. कोणी विचारले तर अक्का म्हणायची, "ती नदी देखी ऱ्हायनी. तुले कशाले देखी?" तोंड पाहायचे तर पाण्यात उतरावे लागे. धुणे धुणाऱ्या आम्ही बाया तेवढ्या पाहायचो.

तोंड केले त्या दिवशी दुपारी ती जेवायला गेली आणि ओल्या सिमेंटला शेळ्या लागू नयेत म्हणून मला बसवून गेली. मी पाण्यात उभी राहून पाहिले. नाक बसके झाले होते, आणि त्यापायी सगळे तोंड रुसल्यासारखे दिसत होते. घाटावर कोणी नव्हते. मी बोटे भिजवली, नाक दोन्ही बाजूंनी दाबून वर घेतले, ओठाचा एक कोपरा किंचित उचलला. तापीमाय हसू दाबते आहे असे वाटायला लागले.

अक्का आली. बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "शेळी तं नही उनी ना?"

"नही, अक्का."

"बरं."

पुढे तालुक्याचे मामलेदार आले. पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरले आणि म्हणाले, "बाई, अंग ठीक आहे, पण जीव आहे तो या नाकात आणि हसण्यात." हार अक्काच्या गळ्यात पडला. तिने तो राहू दिला, वर मामलेदारांची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. सगळा घाट हसला. मी मागे तिच्या वहाणा हातात धरून उभी होते. घरी येऊन चुलीतल्या बैलांच्या तोंडांत मी इतका जाळ घातला की भाकरी करपली.

पैसे तिने चुली विकून फेडले, कधी दोन रुपये, कधी एक. या हिवाळ्यात ती लेकीकडे शहाद्याला कायमची राहायला गेली. निघायच्या सकाळी माझ्या ओट्यावर बसून तिने शेवटचे तीन रुपये मोजले. चाळीस पुरे झाले. मग कमरेच्या पिशवीतून आणखी एक रुपया काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि बोटे मिटवली.

"अक्का, हाऊ जास्तीना शे."

"जास्तीना नही. नाकनी मजुरी शे. त्याच दिनले तुन्हा हातमा ठेवानी व्हती, पन माले तुन्हा राग उन्हा व्हता."

तिने माझी हनुवटी धरली, उजेडाकडे वळवली, आणि गाडीत जाऊन बसली. चाळीस फिटले आणि वरचा एक रुपयाही फिटला. धुणे धुताना मी आता तापीमायच्या समोरच उभी राहते.