हंय येवन करतलास काय?

"हंय येवन करतलास काय?"

इथे येऊन करणार काय, हा प्रश्न विचारताना तो समोरच्याकडे बघत नसे. किल्ली बोटात गरगर फिरवत स्वतःच्याच रिक्षाभोवती एक फेरी मारायचा. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर पुढचं वाक्य ठरलेलं असायचं. "दर्यो बघून पोट भरणा नाय, साहेब."

मालवणच्या बाजारातून तारकर्लीकडे वळताना जो नाका लागतो, तिथे माझं झेरॉक्सचं दुकान आहे. समोरच रिक्षा स्टँड. त्यामुळे त्याचं बोलणं मी इच्छा असो-नसो रोज ऐकलं. अलीकडे आमच्याकडे एक नव्या तऱ्हेची माणसं येऊ लागली आहेत. तुम्हीही पाहिली असतील. ती फिरायला नाही, राहायला येतात. कुणाची नोकरी सुटलेली, कुणी सोडलेली. चार दिवस मासे खातात, सूर्य बुडताना बघतात आणि जेवताजेवता आयुष्य ठरवून टाकतात. मग पहिला दिसेल त्या रिक्षावाल्याला विचारतात, "इथे भाड्याने घर मिळेल का हो?"

बाकीचे रिक्षावाले घर दाखवायचे. हा सल्ला द्यायचा. सुरुवात एकदम शुद्ध मराठीत, कचेरीत बोलावं तशी. "दोघांपैकी एकाने तिथली नोकरी धरून ठेवा. इथे जागा विकत घेऊ नका. आधी एक पावसाळा भाड्याच्या घरात काढा. होड्या किनाऱ्यावर ओढून झाकल्या की इथे कोण उरतं ते बघा." बोलता बोलता तो तापायचा आणि मालवणीत घसरायचा. "लाईट नाय, गिऱ्हाईक नाय, कपडे सुकणत नाय, आणि घरात दोघां एकमेकांची तोंडां बघत बसतली!"

"अरे, ह्येका कोणीतरी गप करा रे," स्टँडवरचे ओरडायचे. गिऱ्हाईक पळवून लावतो म्हणून त्यांचा त्याच्यावर राग. पण एवढं सांगूनही माणूस बधला नाही, तर त्याला मागे बसवून चार घरं हाच फिरवून आणायचा.

त्याला स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलं नाही. चहा अर्धा टाकून उठायचा. भाडं नसलं तरी इंजिन सुरू करायचा, बंद करायचा. आणि त्याचा सल्ला नेहमी बरोबर निघे असंही नाही. एका निवृत्त जोडप्याला त्याने तासभर घाबरवलं होतं. ते आचऱ्याला राहिले, मिरीचे वेल लावले, मजेत आहेत. त्यांचं नाव काढलं की म्हणायचा, "ते सुटले. सगळे सुटणत नाय."

गेल्या मार्चमध्ये पुण्याचं एक तरुण जोडपं आलं. नवऱ्याची कंपनीतली नोकरी गेली होती. तो उत्साहाने नुसता उतू जात होता. पर्यटकांना घरगुती जेवण द्यायचं, दोन खोल्या भाड्याने द्यायच्या, असे बेत. ती कमी बोलायची. आमच्या माणसाने रिक्षाभोवती तीन-चार फेऱ्या मारल्या, सगळा सल्ला ऐकवला. तिने शेवटी शांतपणे विचारलं, "झालं? आता घर दाखवता?"

त्याने दाखवलं. वायरीला, माडांच्या बागेत.

जून आला आणि तो म्हणाला होता तसंच झालं. खोल्या रिकाम्या. तो पुण्याचा मुलगा खिडकीशी बसून राहू लागला. दाढी वाढली. आमचा माणूस रोज सकाळी त्याच्या दारात हॉर्न वाजवायचा. "साहेब, चला." कुडाळला काजूच्या कारखान्यात, कणकवलीला दुकानांमधून, जिथे कुणी ओळखीचं असेल तिथे त्याला कामासाठी घेऊन फिरला. भर पावसात ताडपत्री फडफडत रिक्षा परत यायची आणि मी दुकानातून विचारायचे, "काय झालं?" तो नुसता हात हलवायचा.

श्रावणात तो मुलगा पुण्याला परत गेला. जुन्या ओळखीवर काहीतरी तात्पुरतं मिळालं होतं. ती मात्र गेली नाही. तोवर तिला एका डॉक्टरांकडे पेशंटचे नंबर लावायचं काम मिळालं होतं.

ती माझ्याकडे कसल्याशा झेरॉक्स काढायला आली, तेव्हा आमच्या माणसाने तिला गाठलं. "ताई, तुम्ही पण जावा."

"का? मला आवडतंय इथे. हे म्हणालेत, जरा सोय लागली की बघू. मग एकत्र राहू."

तो जागच्या जागी थांबला. किल्लीसुद्धा थांबली. ती गेल्यावर माझ्या काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाला, "बाय, तुझो फोन दी. माझो तो साहेब उचलणा नाय."

त्याने सांगितलेला पुण्याचा नंबर मी लावून दिला. पलीकडून 'हॅलो' आलं आणि त्याने श्वास न घेता बोलायला सुरुवात केली. "साहेब, फोन ठेवू नका. मी नालासोपाऱ्याला होतो. कॅन्टीनमध्ये स्वयंपाकी. कॅन्टीन बंद झालं, आई आजारी पडली, म्हणून गावी आलो. बायकोला म्हटलं, जरा सोय लागली की तुम्हाला आणतो. आई होती तोवर हलता येईना. मग रिक्षा घेतली. मग मुलीची शाळा होती. सोय लागतच नाही, साहेब. आधी त्यांनी गणपतीला यायचं सोडलं. मग मी जायचं सोडलं." इथे त्याचा आवाज फाटला. "येवा, नायतर तिका घेवन जावा. पण मधीच ठेव नकात!"

फोन माझ्या हातात देऊन तो पावसात निघून गेला. त्याची बायको आणि मुलगी मुंबईकडे असतात, एवढं नाक्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. का असतात, हे आम्ही कुणी कधी विचारलं नव्हतं.

गणपतीच्या आधी तो पुण्याचा मुलगा परत आला. कुडाळच्या त्या काजूच्या कारखान्यात हिशेब बघायला माणूस हवा होता, तिथे लागला. पगार पुण्याच्या मानाने काहीच नाही. संध्याकाळी दोघं स्कूटरवरून बाजारात दिसतात. कधी भांडत, कधी हसत.

मला वाटलं, आता आमचा माणूस खूश होईल. तो उलट जास्तच अस्वस्थ झाला. भाडी नाकारू लागला. नवीन माणसं घर विचारायला आली तर 'बघा' एवढंच बोलायचा. थंडी पडली, पर्यटकांनी रस्ते भरले आणि ऐन धंद्यात एका दुपारी तो दुकानात आला.

"रिक्षा भाच्याक दिलंय, बाय."

"आणि तुम्ही?"

"नालासोपाऱ्याक जातंय."

"तिथे काम मिळालं, दादा?"

"नाय."

"वहिनींना विचारलंत?"

"तिका इचारूक धीर नाय झालो. चेडवाक फोन केलंय."

"मुलगी 'या' म्हणाली?"

"'बघा' म्हणाली."

या वयात, हाताशी काम नसताना, तेही अशा घरात जिथे कुणी बोलावलेलं नाही. त्याने दुसऱ्या कुणाला तरी असं जाऊ दिलं असतं का? हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्याच्या हातात दोन पिशव्या होत्या आणि तो त्यांच्याकडेच बघत होता.

"ह्येच्यात सुके बांगडे, ह्येच्यात सोडे," तो म्हणाला. "तिका काय आवडता, माका आठवणा नाय. म्हणान दोनय घेतलंय."

कणकवलीला जाणारी एस.टी. आली. गर्दीत त्याने पिशव्या आधी आत चढवल्या, मग स्वतः चढला. मी हात केला. त्याला दिसला की नाही, कोण जाणे.

बरेच दिवस काही कळलं नाही. स्टँडवर भाच्याने रिक्षाला नवं, झगझगीत सीट कव्हर घातलं. नंतर एका सकाळी शटर वर करत असतानाच फोन वाजला. त्याचाच. मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

"काम गावला काय, दादा?" मी विचारलं.

"नाय अजून. बघतंय."

"आणि वहिनी?"

तो आवाज अगदी खाली आणून, जवळ कुणीतरी असावं तसा म्हणाला, "बोलणा नाय माझ्याशी. पण चाय दोघांची करता."