काचेतली पेटी

आमचे बाबा चर्चचे पाळक होते. त्यांची वाजवायची पेटी आता चर्चमध्ये काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवली आहे. आज त्यांच्या स्मृतिदिनाला एक बाई काचेवर हात टेकवून म्हणाल्या, "नदीत बाप्तिस्मा देताना त्यांनी किती अलगद धरलं होतं हो मला!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गोड गळ्याच्या माणसाला लोक सगळंच माफ करतात. एकदा भर उपासनेत आईचा सूर जरा घसरला, तेव्हा याच प्रेमळ माणसानं पेटी थांबवली आणि सगळ्या मंडळीसमोर तिच्याकडे रोखून बघितलं. तेव्हापासून आई चर्चमध्ये नुसते ओठ हलवते.

मग सगळे बाबांनीच रचलेलं गीत गात होते. मी आईच्या तोंडाशी कान नेला. आवाज नव्हता. तिची नजर मात्र त्या बंद पेटीवरून हलत नव्हती.