चोपन्नाचं बेचाळीस

डॉक्टरनं टेपचं बटण दाबलं. म्हणाला, "काका, हे कट करू या. टेप मुलांसाठी आहे."

पंधरा ऑगस्ट. ओहायोत, डब्लिनला, त्याच्या घराचं गालिचा घातलेलं तळघर. आम्हा म्हाताऱ्यांना ओळीनं खुर्च्यांवर बसवलेलं. स्वातंत्र्य कसं मिळालं ते एकेकानं सांगायचं. माझी पाळी आली. मी म्हटलं, मिळालं तेव्हा मी पोती वाहत होतो, फारसं कळलं नाही. गेलं कसं ते सांगतो. आणीबाणीत गेलं. माझ्या अंगावरून गेलं.

तेवढ्यात बटण.

"तेव्हा देशाला दंडुकाच हवा होता," डॉक्टर म्हणाला. "मी व्हेकेशनला तीन आठवडे गेलो होतो. साडेदहाला बाबू खुर्चीत! स्वतः पाहिलंय." मग डोळा मारून, "काका, नसबंदीबद्दल तुम्हाला तुपाचा डबा मिळाला की ट्रान्झिस्टर?"

सगळे हसले. हातात कागदी ताटल्या, तोंडात श्रीखंड. शिसारी आली मला.

टेप बंद तर बंद. मी सांगितलंच. बाजाराच्या दिवशी पोलिसांनी आम्हा हमालांना ट्रकात कोंबलं, शाळेत नेलं. मी म्हटलं, साहेब, वय चोपन्न. कारकुनानं बेचाळीस लिहिलं. म्हटलं, बायकोची पाळी जाऊन चार वर्षं झाली. पोलीस हसला. पोरांची बाकं जोडून त्यावर निजवलं. नस कापली. जखम चिघळली. पोतं उचलणं संपलं ते संपलंच. बायको लोकांच्या रानात खुरपायला जायची, आल्यावर माझा पू धुवायची.

आता कुणी हसेना. डॉक्टर माझ्या मुलाकडे वळला. "मग ते पत्र, यार? तूच वाचून दाखवलं होतंस ना?"

माझा एकुलता एक. तेव्हा इथं शिष्यवृत्तीवर शिकत होता. वाटलं, आता उठून माझ्याजवळ येईल. तो म्हणाला, "हो. आबा, तुम्हीच पाठवलं होतं. सर्व ठीक, कडक शिस्त आहे म्हणून. चला आता."

पत्र खरं. मी दुसरी शिकलेला, मास्तरानं लिहून दिलं. मास्तर घाबरलेला, मी घाबरलेला. बायको म्हणाली, पोर परमुलखात एकटं आहे, त्याला कळू देऊ नका. गेल्या थंडीत ती गेली. जातानासुद्धा तेच म्हणाली, मी शब्द दिला.

डॉक्टरची किळस आली. त्याहून माझी आली. कापणाऱ्यांचं उरलेलं काम मीच केलं होतं. टपालानं.

गाडीत मुलगा म्हणाला, "उद्या फोन करून सॉरी म्हणा. आपलं जाणं-येणं आहे त्यांच्याकडे."

"नाही म्हणणार."

"आबा, प्लीज."

"नाही."

तिला दिलेला शब्द मोडला. त्याचं दुःख मरेपर्यंत राहील. पण आता गप्प बसणं नाही. मुलाला लाज वाटत असेल तर त्यानं मला गावी पाठवावं. इथं सांगेन, नाहीतर तिथं सांगेन. ऐकणाऱ्याचा घास घशात अडकला तर अडकू दे.