हेग म्हणजे नक्की कुठे?

आमचे स्टोअरकीपर टेबलावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायचे आणि विचारायचे, "कुठे म्हणजे नक्की कुठे?" तुम्ही नुसतं "सलमानिया हॉस्पिटलला चाललोय" म्हणालात, तर सुटका नसे. कुठला वॉर्ड, कितवा मजला, दार कुठल्या बाजूला, सगळं सांगावं लागे. माणूस दवाखान्यात पोचायच्या आधी यांच्या डोक्यात पोचलेला असायचा.

ते वसईचे, बहारीनमधल्या आमच्या ड्रेजिंग, म्हणजे समुद्रातला गाळ उपसणाऱ्या, कंपनीत स्टोअरकीपर. मी हिशेबाच्या टेबलावर. मला ते कायम 'पुणेकर' म्हणत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या एका एजंटाने त्यांना कुवेत सांगून बहारीनला उतरवलं होतं. विमानतळावरची पाटी वाचली तेव्हा कुठे कळलं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. हे पाणीसुद्धा फुंकून प्यायचे.

आणि एकोणीसशे ऐंशीच्या आसपास त्यांची एकुलती एक मुलगी नर्स म्हणून हॉलंडला निघाली. गाव हेग. झालं! आमचा म्हातारा डच इंजिनिअर मूळचा तिथलाच. रोज चहाच्या वेळी तो यांच्या तावडीत सापडू लागला.

"सरकार तिथे, पार्लमेंट तिथे, राणीचं कामकाज तिथे, आणि राजधानी अ‍ॅमस्टरडॅम?" पहिल्याच दिवशी ते माझ्याकडे वळून म्हणाले. "पुणेकर, यात काहीतरी गोम आहे."

"आपल्या बहारीनमध्ये तरी काय? राजधानी मनामा, अमीर राहतात रिफाला," मी म्हटलं.

त्यांना ते पटलं नाही. इंजिनिअरने मग सगळं सावकाश सांगितलं. कोणे एके काळी एका मोठ्या सरदाराने शिकारीसाठी तळ्याकाठी घर बांधलं, भोवती वस्ती वाढली, कारभारही तिथेच आला. पण शहराचा मान गावाला शेकडो वर्षं मिळालाच नाही, तटबंदीही झाली नाही. मोठी शहरं एकमेकांवर जळायची. खेड्यात बसून राज्य करणाऱ्याचा कुणाला हेवा वाटणार? माणसं अजून तशीच, म्हणाला. हळू बोलणारी, कोटाची सगळी बटणं लावणारी. श्रीमंतांची घरं समुद्राकडच्या वाळूवर, गरिबांची आतल्या दलदलीवर.

"मुलगी वाळूवर राहणार की दलदलीवर?" यांनी लगेच विचारलं. इंजिनिअरला ते कसं ठाऊक असणार?

मुलगी गेली. पोचल्याची तार आली आणि त्यानंतर काहीच नाही. ते वाळत चालले. स्टोअरमध्ये बोल्ट मागितला तर नट द्यायचे. शेवटी तिच्या सलमानिया हॉस्पिटलातल्या मैत्रिणीकडून हॉस्टेलचा नंबर मिळाला, आणि एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चर्चमधली मिस्सा आटोपून ते मला घेऊन मनाम्याच्या टेलिफोन ऑफिसात आले. कॉल लागला. ते बूथमध्ये शिरले. दार उघडंच होतं. पलीकडून ऑपरेटर बाई घसा खरवडल्यासारखं काहीतरी बोलली, मलाही ऐकू आलं.

"मफी, मफी! राँग नंबर. आय वाँट हेग," असं इंग्रजीत आणि 'नाही'पुरतं अरबीत म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला.

बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. "स्खरावनहाखे म्हणाली ती. हेग नाही. पुणेकर, पोरीला दुसरीकडेच नेलं हो. माझ्यासारखंच झालं तिचं." मी समजूत घालत होतो, पण खरं सांगतो, मलाही ते अशक्य वाटत नव्हतं. अशा गोष्टी आम्ही आखातात रोज ऐकत होतो.

इंजिनिअर शनिवारी सकाळी भेटला. तोवर यांनी अन्नाला हात लावला नव्हता. तो पोट धरून हसला. "अरे, तेच हेगचं सरकारी नाव! सरदाराचं कुंपण, असा अर्थ. पोस्टात आणि टेलिफोनवर तेच चालतं."

"एका गावाला दोन नावं कशाला लागतात?" हे चिडले.

"तुमच्या पासपोर्टवर जन्मगाव काय लिहिलंय?" मी विचारलं.

ते पुटपुटले, "बसीन." कागदोपत्री वसईचं तेच इंग्रजी नाव.

त्याच दुपारी आम्ही पुन्हा टेलिफोन ऑफिसात. या वेळी ऑपरेटर बाईला त्यांनी "येस, येस, करेक्ट" म्हटलं. मुलगी फोनवर आली. काचेतून मला दिसत होतं, ते बोलतायत, मान हलवतायत, हवेत बोटाने रस्ता काढतायत. हॉस्टेल कुठल्या गल्लीत, खोली कितवी, खिडकी कुठे उघडते, खाली वाळू की दलदल. पैसे भरले होते तेवढा वेळ संपला. लाईन गेली.

बाहेर आले ते दहा वर्षांनी तरुण होऊन. "आहे! हेगलाच आहे. दुसरा मजला, कोपऱ्यातली खोली. वाळूवर!"

"वा! आणि आहे कशी ती?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पुणेकर," ते म्हणाले, "ते विचारायचंच राहिलं हो."

ते पुन्हा कॉल मागायला काउंटरकडे वळले. केरळी, पठाण, फिलिपिनो, सगळ्यांच्या मागे रांगेत जाऊन उभे राहिले. ते गेल्याला आता बरीच वर्षं झाली, पण मला आठवतात ते असेच, पाठमोरे, पुढच्या माणसाच्या खांद्यावरून काउंटर दिसतो का बघणारे.