पाळण्यातला दगड

आमच्याकडे रिकामा पाळणा हलवत नाहीत. बाळाला अंघोळीला नाहीतर पाजायला उचललं, की त्याच्या जागी वरवंटा ठेवायचा. बारशाच्या दिवशी त्याच वरवंट्याला अंघोळ घालतात, झबलं-कुंची चढवतात, काजळाने डोळे काढतात आणि बाळाच्या आधी त्याला पाळण्यात निजवतात. त्याला गोप्या म्हणतात. बाळावर काही यायचं असेल तर ते आधी गोप्यावर यावं, असं माझी आई सांगायची.

माझ्या नातीच्या बारशाला जो गोप्या केला तो वरवंटा नव्हता. हे मी फार कुणाला सांगितलेलं नाही. मला चारचौघांत बोलता येत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली आणि लिहिणं तिथेच सुटलं. आता दुपारी घरात कुणी नसलं की लिहिते.

माझा मुलगा बोअरच्या गाडीवर कामाला होता. सूस, महाळुंगे इकडे नव्या सोसायट्या उठत होत्या तेव्हा त्या गाडीला उसंत नसायची. घरी यायचा तो भुवयांपासून पायांपर्यंत दगडाच्या पिठाने पांढरा होऊन. पुढे जमिनीत पाणीच लागेना. बोअर कोरडी जायला लागली, सोसायट्यांनी टँकर लावले आणि ती गाडी आमच्या जांबे गावच्या रस्त्याकडेला उभी राहिली. तिच्या चाकांतून गवत वर आलं. सून तेव्हा पोटुशी होती. अशात एक ठेकेदार भेटला आणि मुलाला परराज्यात घेऊन गेला.

"तितं पाण्यासाठी भोक न्हाई पाडत," मुलाने फोनवर सांगितलं. "दगडच वर काढायचा. पोकळ पाइप खाली जातुया आन आख्खा दगड पोटात घिऊन वर येतुया. मग त्यो पेटीत लावून ठेवायचा."

"कशाला?"

"कसला तरी धातू शोधत्यात. सरकारला लागतुय."

बाळंतपणाच्या आधी तो आठ दिवसांच्या सुट्टीवर आला, तेव्हा पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला दगड काढून त्याने माझ्या हातात दिला. काळसर, गोल, वीतभर लांब, दोन्ही टोकं सपाट. मधून एक गडद पट्टा गेलेला. हाताला इतका गुळगुळीत, की लाटणं धरल्यासारखं वाटलं. पण जड होता, दिसत होता त्याहून जड.

"लई खालचा हाय ह्यो," तो म्हणाला. "आजवर कुनाच्या डोळ्याला पडला न्हाई. पयल्यांदा आमी बघितला, आता तू."

"इचारून आणलास का?"

"आये, तितं शेडभर हायेत. एकानं काय हुतंय."

मी तो टीव्हीच्या बाजूला ठेवला. मुलगा परत गेला, मग नात झाली. सून आमच्याकडेच बाळंत झाली, कारण तिला माहेरी आई नाही. बारशाच्या सकाळी वरवंटा काढला तर त्याचा टवका उडालेला. घरात मिक्सर आल्यापासून पाटा-वरवंटा मागच्या अंगणात पडून होता, कुणी त्याच्यावर काय आपटलं कोण जाणे. भंगलेला दगड पाळण्यात चालत नाही. बायका जमल्या होत्या, हळदी-कुंकवाचं ताट तयार होतं, आणि माझी नणंद घरभर नजर फिरवत होती.

"वैनी, ह्यो काय हाय की," ती टीव्हीजवळचा दगड उचलून म्हणाली. "किती गोजिरा. वरवंट्यापरीस बरा."

"त्यो त्यानं आणलाय, कामावरनं."

"मग बापाच्या कमाईचा गोप्या झाला. आनखी काय पायजे?"

बायका हसल्या. मीही हसले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आम्ही त्याला कोमट पाण्याने न्हाऊ घातलं, हळद लावली, कुंची बांधली. पाळण्याच्या खालून-वरून त्याला या हातातून त्या हातात दिला. नणंद म्हणाली, "लई जड पोरगं हाय बाई, बापासारखं." मग तो पाळण्यात निजवला आणि त्याच्या शेजारी नातीला. त्या दिवसापासून तो पाळण्यातच असायचा. बाळ आत असलं की पायथ्याशी, बाळ बाहेर असलं की मधोमध.

मी महाळुंग्याला एका घरी स्वयंपाकाला जाते. नवरा-बायको दोघं अकोल्याकडचे, दोघंही कंप्युटरच्या कंपनीत. साहेब बरेचदा घरूनच काम करतात आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसतात. त्या दिवसांत ते फार खुशीत होते. सारखे फोनवर कुणाशी तरी बोलायचे. ताईंनी एकदा पोळी वाढताना विचारलं, "एवढं काय मिळालं तुला?"

"युरेनियम," साहेब म्हणाले. "बाहेरच्या खाणींचे शेअर घेतले होते ना, तेव्हा हसत होतीस. आता बघ."

मी भाजी परतत होते. साहेब ताईंना समजावून सांगत होते आणि मला ऐकू येत होतं. अणुवीज ज्या धातूपासून करतात तो हा धातू. जपानात वीजकेंद्राचा अपघात झाला तेव्हा सगळ्यांनी त्याचा धसका घेतला, भाव पडला, खाणी बंद पडल्या. आता पुन्हा सगळ्यांना अणुवीज हवी झाली. धूर नको आहे, शिवाय या नव्या कंप्युटरच्या इमारतींना रात्रंदिवस वीज लागते. बंद केंद्रं उघडतायत, नवी बांधतायत. पण बंद पडलेली खाण काही नळासारखी सोडता येत नाही. नवी उघडायला तर कित्येक वर्षं. म्हणून माल कमी आणि भाव वर.

"आणि बाहेर महाग झालं, की आपल्याकडे शोधायची घाई होते," साहेब म्हणाले. "आपल्याकडे तो सरकारकडेच जातो. पण भोकं पाडायला ठेकेदार लागतातच. हे बघ."

त्यांनी लॅपटॉप ताईंकडे वळवला. मी पोळीचा डबा ठेवायला गेले होते. पडद्यावर लांबट पेट्या होत्या आणि पेट्यांत ओळीने गोल दगड निजवलेले होते. काळसर, गुळगुळीत, दोन्ही टोकांना सपाट. एकेका पेटीत कितीतरी गोपे.

माझ्या हातून डब्याचं झाकण पडलं. ताई म्हणाल्या, "मावशी, भाजलं का?" मी मान हलवली.

विचारावं असं वाटत होतं. मी ओटा पुसला, पुन्हा पुसला. चपला घातल्या. दारापर्यंत जाऊन परत आले.

"साहेब," मी म्हणाले, "ते दगड कुनी घरात ठिवले तर?"

साहेब हसले. "घरात कशाला ठेवेल कुणी?"

"ठिवले तर."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मी त्यांच्याशी कधी दोन वाक्यं बोलले नव्हते. "तसं लगेच काही होत नाही, मावशी. दगडात तो थोडासाच असतो. पण त्याची भुकटी नाकातोंडात जाऊ नये. आणि लहान मुलं असतील तिथे तर नकोच. का हो?"

"काय न्हाई," मी म्हणाले आणि निघाले.

सहा आसनी रिक्षात बसले आणि पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला. शेजारची बाई म्हणाली, थंडी वाजतीय का. दुपारचं ऊन होतं.

घरी आले तेव्हा सून बाळाला मांडीवर घेऊन बसली होती आणि पाळण्यात तो होता. कुंची अजून अंगावर. मी पदरात धरून त्याला बाहेर काढला.

"ह्याच्यावर काय उगाळलंस का कधी?" मी विचारलं.

"न्हाई, आत्या." आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. मग ती थोडी थांबली. "एकदा. सहाण घावंना तवा. येखंड उगाळून गुटी दिली. सपाट बाजू हाय ना त्याची. का वो?"

मी तिला सगळं सांगितलं. तिने बाळाचं तोंड पदराने पुसलं, पुन्हा पुसलं, जिभेवर बोट फिरवलं. गुटी देऊन महिना होत आला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाळाला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंसमोर सुनेला रडू फुटलं, म्हणून मलाच बोलावं लागलं. बारशापासून गुटीपर्यंत सगळं सांगितलं, मान खाली घालूनच. त्या हसल्या नाहीत. बाळाला तपासलं, वजन केलं. म्हणाल्या, "आत्ता हिला काही नाही. छान आहे. एका वेळेने फारसं काही होत नसतं. पण मी तुम्हाला अगदी काही नाही असं लिहून देणार नाही. मध्ये मध्ये आणत जा."

मध्ये मध्ये म्हणजे कधीपर्यंत, ते मी विचारलं नाही.

दगड कुठे ठेवायचा हा प्रश्नच होता. ओढ्यात टाकावा तर खाली बाया धुणं धुतात. जमिनीत पुरावा तर मागच्या मोकळ्या जागेत भाड्याच्या खोल्या उठणार आहेत, उद्या जेसीबी येऊन त्याला वर काढेल. कुणाच्या तरी पोराला तो गोजिरा वाटेल. मी त्याला पत्र्याच्या डब्यात घालून न्हाणीच्या मागे ठेवला आणि वर अंगणातला पाटा ठेवला. अंगणात गेलं की आधी तिकडेच नजर जायची.

मुलाला फोन केला. तो हसला. "आये, आमी रोज हातात धरतुया. आमाला काय झालंय?"

"रोज धरतोस?"

"मग कसं काम करणार? हातमोजं असत्यात, पर घामानं निसटतंय."

"घरी ये."

"आत्ता कसा येऊ? ठेकेदारानं आनखी दोन मशिनी आणल्यात. पुढच्या डोंगरावर जायाचंय."

मग पावसाळ्यात कधीतरी साहेबांचा चेहरा उतरला. जेवण अर्धवट टाकून उठायचे. भाव घसरला होता. त्याच सुमाराला मुलाचा फोन आला, की एक मशिन बंद ठेवलंय, काम आटोपत आलं, दिवाळीला कायमचा येईन. भावाचा आणि मशिनचा संबंध असा रोजचा नसतो, तिकडे सरकारी कामं वर्षवर्ष चालतात, असं साहेबांनीच एकदा ताईंना सांगितलेलं. पण माझ्या मनात तो रोजचा झाला. त्या आठवड्यात मी त्यांच्या घरी दोनदा शिरा केला. ताई म्हणाल्या, "मावशी, आज काय विशेष?" मी म्हणाले, रवा उरला होता.

दिवाळीला मुलगा आला. चार दिवस राहिला. नात त्याच्या अंगावर खेळली, त्याच्या बोटांना चावली. मी ती बोटं बघत राहिले. नखांच्या कडांना काळं बसलं होतं, साबणाने न जाणारं.

"न्हाई जायाचं आता," मी म्हणाले. "बोअरची गाडी पुसून काढ."

"आये, ठेकेदाराचा फोन आलता. पुन्हा मागणी हाय म्हनतोय. हितं पाणी न्हाई लागत, तितं दगड तर लागतुय."

सुनेने चुलीतलं लाकूड आत सारलं.

मग मी न्हाणीमागून डबा आणला. "निदान ह्याला तरी त्याच्या जागी ने."

त्याने डबा उघडला. दगडावर काजळाचे डोळे अजून होते, एक पुसट झालेला. झाकण लावून त्याने डबा पिशवीत तळाला घातला, त्यावर कपडे, कपड्यांवर मी दिलेला फराळ. मी फराळ बाहेर काढून वेगळ्या पिशवीत बांधला. पिशवी खांद्याला लावली तेव्हा त्याचा तो खांदा खाली गेला.

पाळण्यात आता आम्ही टवका उडालेला वरवंटाच ठेवतो. नणंद म्हणते भंगलेला चालत नाही. सून तोच उचलून पाळण्याच्या मधोमध ठेवते.

मी कामाला गेले की पीठ मळण्याआधी साहेबांना विचारते, "साहेब, आज भाव काय?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांना मोठी गंमत वाटली. आता सवय झाली आहे. ताई हसतात, "मावशी, तुम्ही पण पैसे लावलेत की काय?"

"न्हाई ताई," मी म्हणते. "पैसं न्हाई."

साहेब लॅपटॉपवरून नजर न काढता, भाव चढलाय म्हणून अंगठा वर करतात.