चहा दोन वार

सबंध सेलू तालुक्यात आमच्या मावशीच्या यजमानांएवढा मोठा आवाज दुसऱ्या कुणाचा नव्हता, आणि एका कप चहासाठी त्यांनी तो जेवढा खर्चला तेवढा मोंढ्यातल्या धान्यासाठीही खर्चला नसेल. काका मोंढ्यात हर्रास पुकारायचे. सोयाबीन असो की तूर, 'एक वार, दोन वार, तीन वार' झालं की माल गेला. मग तो मालकाचाही राहत नाही. तीच सवय घरी. वालूरच्या घरात ओसरीवर बसल्या बसल्या गर्जना व्हायची, "चहा एक वार! चहा दोन वार!" आणि तिसऱ्याच्या आत मावशी कप घेऊन हजर. "आले की! कशाला वरडायलात?" तीन वार म्हणायची वेळ तिनं उभ्या संसारात येऊ दिली नाही.

मोंढ्याच्या धुळीनं काकांना दमा जडला. डॉक्टरांनी तोंडानं ओढायचा पंप दिला आणि दर वेळी नंतर चूळ भरायला सांगितलं. काका कुठले ऐकतायत! "एवढं महागाचं औषध मोरीत थुंकू?" मग आवाज बसला तो बसलाच. परभणीच्या एका डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं आणि मावशीला बाजूला घेऊन सांगितलं, कॅन्सर दिसतोय, आवाजाची पेटीच काढावी लागेल बहुतेक. तुकडा तपासायला गेला. त्या दिवसांत काका ओसरीवर बसून तांब्यावर चमचा वाजवायचे, टण्, टण्. मावशी पदरानं डोळे पुसून, तोंड हसरं करून चहा आणायची. "आले की," एवढंच म्हणायची. पुढचं म्हणायची सोयच राहिली नव्हती.

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हताच. चूळ न भरल्यानं आवाजाच्या पेटीवर बुरशी धरली होती. काका त्या घोगऱ्या आवाजातच भडकले, "बुरशी? मी काय शिळी भाकर हाय का?" मावशी हसता हसता रडली. गोळ्यांनी आवाज परत आला आणि गल्लीनं पुन्हा कानात बोटं घातली.

पुढच्या उन्हाळ्यात मावशीच गेली. भाकरी थापता थापता, कुणाला काही न सांगता. ज्याच्यासाठी आम्ही सगळ्यांनी आधीच रडून घेतलं तो राहिला, आणि जिच्या तब्येतीची कुणी चौकशीसुद्धा केली नव्हती ती गेली. मला याचा अजून राग येतो.

परवा वालूरला गेलो होतो. घरात आम्ही दोघंच. काकांनी पंप ओढला, मुकाट उठून मोरीत खळखळून चूळ भरली आणि ओसरीवर येऊन बसले. मग त्याच जुन्या आवाजात पुकारा झाला, "चहा एक वार! चहा दोन वार!" आणि थांबले. मी चहा टाकायला उठलो, तर त्यांनी हात धरून खाली बसवलं.

"बस रं. तीन वार म्हनलं की माल गेला," ते आतल्या दाराकडं बघत म्हणाले. "मी म्हनतच न्हाई."